उघड्या डोळ्यांची प्रार्थना

पडदे शिवणाऱ्या बाईंची एकुलती एक लेक जन्मापासून ऐकू शकत नव्हती. सहाव्या वर्षी तिला दूरच्या निवासी शाळेत घातलं. तिथे ती हातांची भाषा शिकली आणि पुढे त्याच शहरात चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात लागली. सुटीत घरी आली की मायलेकींचं चार-दोन खुणांवर भागायचं. जेव, झोप, ये, थांब. बाकीचं चिठ्ठीवर. आणि चिठ्ठीत माणूस बोलून बोलून किती बोलणार?

एका सुटीत बाई चहा घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी गेल्या. लेक फोन उशीला टेकवून मैत्रिणीशी बोलत होती. हात नुसते भिरभिरत होते, भुवया वरखाली होत होत्या. मध्येच कुणाची तरी नक्कल करून ती पोट धरधरून हसली. बाई जागच्या जागी थिजल्या. आपली पोरगी इतकी बडबडी आहे, हे त्यांना तिच्या सत्ताविसाव्या वर्षी कळत होतं. चहावर साय धरली, तरी त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत पडेना.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या खिडक्यांची मापं घ्यायची होती. लेक कामावर परत गेली होती. टेपचं दुसरं टोक पाळकसाहेबांनी धरलं होतं.

"इतकी वर्षं मागतेय, हिला कान दे म्हणून," बाई एकदम म्हणाल्या. "देव माझंच का ऐकत नाही?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तिची भाषा कधी शिकलात?"

"ती शिकले म्हणजे मी आशा सोडली, असंच ना?"

"आशा कशाला सोडायची? पण असं बघा, प्रभू काही वरून हाका मारत बसला नाही. खाली आला, सुताराच्या घरात वाढला, माणसांची बोली शिकला. त्यात त्यानं वर्षांमागून वर्षं घातली. शिकणं म्हणजे अविश्वास नव्हे, बाई. दिलेलं डोकं वापरणं हीसुद्धा भक्तीच."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे. माझं वय बघा!"

"बघितलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहात. टेप नीट धरा."

बाईंना राग आला, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. महिनाभरानं त्या बाजारातल्या घड्याळदुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्यालाही ऐकू येत नसे. त्यांनी कागदावर लिहिलं, 'मला शिकवाल का?' त्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, त्यांना नीट निरखलं आणि खाली लिहिलं, 'मंगळवार, शुक्रवार. दुपारी. दांडी मारायची नाही.'

त्या दोन दुपारी बाईंचं पडद्यांचं दुकान बंद राहू लागलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, एक-दोन कायमची तुटली. शिकताना तर बाईंच्या नाकी नऊ आले. सुईनं घट्टे पडलेली बोटं वळायची नाहीत. मास्तर कडक होता. ह्या भाषेत प्रश्न भुवयांनी विचारायचा असतो, आणि बाईंचा चेहरा मात्र कायम प्रवचन ऐकत बसल्यासारखा. तो वहीत लिहायचा, 'विचारताय की दम देताय?' शिवणयंत्रापुढे त्यांचा सराव चालायचा, तेव्हा शेजारीण विचारायची, "काय हो, कापडाची समजूत काढताय का?" बाई हसायच्या. कधी कधी मात्र नवा शब्द बोटांवर बसला की त्यांचा जीव तुटायचा. 'भीती', 'एकटी', 'दुखतंय' हे शब्द सहा वर्षांच्या पोरीला केव्हा लागले असतील?

वर्ष उलटून गेल्यावर त्या न कळवता लेकीकडे गेल्या. तिनं दार उघडलं. बाईंनी हात वर करून खूण केली. "तुझी आठवण येत होती. बोलायला आले."

लेक बघतच राहिली. मग तिचे हात असे सुटले की बाईंच्या डोक्यावरून सगळं गेलं. "हळू," त्यांनी खूण केली. "मी नवी आहे."

ती दाराला टेकली, रडली. जरा वेळानं तिनं सावकाश विचारलं, "आधी का नाही?"

येताना बसमध्ये बाईंनी ह्या प्रश्नाची बरीच उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही. "तू बदलावीस म्हणून थांबले. मी बदलायचं होतं. चुकले."

"शाळेत खूप सांगायचं होतं तुला."

"काय सांगायचं होतं?"

लेकीनं आठवून पाहिलं आणि मान हलवली. "विसरले."

ती वर्षं आता कुणीही भरून देणार नव्हतं, आणि बाईंनी ती मागितलीही नाहीत.

जेवायला बसल्यावर त्यांनी सवयीनं डोळे मिटले. लेकीनं त्यांच्या मनगटाला हात लावला. "मिटलेस तर मला दिसणार कसं? मीही प्रार्थना करते."

मग दोघींनी एकमेकींकडे बघत प्रार्थना केली. बाईंना चार शब्द अडले, ते लेकीनं दाखवले. आमेन झाल्यावर ती कारखान्यातल्या कुणा एकाबद्दल सांगू लागली. तो काचा घासतो, उंच आहे, आणि पुढे काहीतरी फार गमतीचं होतं.

बाई खुर्ची पुढे ओढून तिच्या हातांकडे टक लावून बघत होत्या.

"परत सांग," त्यांनी खूण केली. "हळू सांग. त्याचं काय?"