पांढऱ्या डोळ्यांचा मासा

केदारच्या सासूबाई मासा घेताना आधी त्याच्या डोळ्यांत बघत. वेंगुर्ल्याच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि एकाही मासेवालीची त्यांच्यापुढे डाळ शिजली नव्हती. जावयाची पारखही त्यांनी तशीच केली. राधिका केदारला पहिल्यांदा घरी घेऊन गेली, तेव्हा तो निघून गेल्यावर शैलजाबाई म्हणाल्या, "मुलगा बरा आहे गं, पण डोळे झोपाळलेले दिसतात." लग्नानंतर राधिकाने हे गंमत म्हणून नवऱ्याला सांगितलं. केदार हसला खरा, पण सात वर्षं ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं होतं.

त्याच शैलजाबाई २००५ साली सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, सियाटलजवळच्या बॉथेलला लेकीकडे आल्या आणि दुकानातला एकूण एक मासा त्यांनी नापास केला. परतीची तारीख जवळ आली, तसं केदारने जाहीर केलं, "आई, जायच्या आधी मी स्वतः पकडलेला मासा तुम्हाला खाऊ घालणार."

"तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं. नागपूरच्या माणसाने ताटाबाहेर मासा कितीसा पाहिलेला असणार!

पण केदार हट्टाला पेटला. लायसन्स काढलं, गळ घेतला आणि घाट ओलांडून तीन तास गाडी चालवत कोलंबिया नदी गाठली. ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं की वॉलाय नावाचा मासा नोव्हेंबरात रात्री काठाशी येतो. प्लास्टिकचा मासा लांब फेकायचा आणि दोरी अगदी सावकाश गुंडाळायची. दोन शनिवार केदार फक्त सर्दी घेऊन परतला. तिसऱ्या शनिवारी रात्री अकराला मासा लागला. चांगला दोन किलोचा! आनंदाच्या भरात केदार त्या माशाशी मराठीत बोलला. मग ऑफिसातल्या गुरूच्या सांगण्याप्रमाणे त्याने रक्त निघून जावं म्हणून कल्ले कापले, मासा बर्फात ठेवला आणि पहाटे घरी आणून सिंकमध्ये मांडला.

शैलजाबाई चष्मा लावून आल्या. वाकल्या. माशाचे डोळे दुधाळ, पांढरे.

"केदारराव, कोणत्या दुकानातून आणलात?"

"अहो आई, मी पकडला! देवाशप्पथ!"

"चार दिवसांचा शिळा आहे हो. डोळे बघा. आणि कल्ले कापून टाकलेत, म्हणजे कोणी लाल का पांढरे ते बघायला नको. मला बरं वाटावं म्हणून केलंत, कळतं मला. पण खोटं कशाला बोलायचं?"

"आई, खाऊन तर बघ," राधिका म्हणाली. तिने कालवण केलं. शैलजाबाई लोणच्याशी वरणभात जेवल्या.

केदारला फार लागलं. झोपाळू म्हटलं ते चाललं, पण खोटारडा? बुधवारी त्यांचं विमान होतं. त्या हे मनात घेऊन गेल्या, तर वेंगुर्ल्यात तो जन्मभर खोटारडाच राहणार होता. सोमवारी त्याने सरळ रजा टाकली.

"आई, जॅकेट घाला. तुमच्या डोळ्यांदेखत पकडतो."

रात्री नऊला तिघं काठावर उभी होती. नऊवारी नेसलेल्या शैलजाबाईंच्या अंगात राधिकाचं लालभडक जॅकेट, डोक्याला कानटोपी, पायात सियाटलहून आणलेले नवे बूट आणि हातात टॉर्च. तासभर काहीच झालं नाही. थंडीने केदारची बोटं बधिर झाली. "आपल्याकडे एवढ्यात जाळं भरलं असतं," सासूबाई म्हणाल्या. केदार मनातल्या मनात गजाननमहाराजांना साकडं घालत होता.

साडेदहाला दोरी ताणली गेली.

"यार, लागला!" तो ओरडला. राधिका जाळी घेऊन धावली. मासा काठावर आला, उसळला आणि शैलजाबाईंच्या नव्या बुटांवर आपटला. त्यांनी सराईतपणे पकडून त्याच्या कल्ल्यात बोट घातलं. लालभडक! मग त्यांनी टॉर्च डोळ्यांवर धरला. दुधाळ, पांढरे. मासा अजून तडफडत होता.

"अगं बाई, हा तर जिवंतपणीच असा आहे!"

"त्यांचे डोळे असेच असतात, आई. मीही कालच वाचलं, पण नुसतं सांगून तुम्हाला पटलं नसतं. त्याच डोळ्यांनी त्यांना अंधारात दिसतं," केदार म्हणाला.

शैलजाबाईंनी टॉर्च उचलून जावयाच्या तोंडावर धरला. केदारने डोळे मिचकावले.

"डोळ्यांवरून पारख करते म्हणून मिरवत होते," त्या म्हणाल्या. "ही दुसरी खेप चुकायची."

पहिली खेप कोणती, हे केदारने विचारलं नाही. राधिका तोंड फिरवून हसत होती.

"आता उभा काय राहिलास?" सासूबाईंनी पदर खोचला. "सुरी दे इकडे. आणि तू गाडीत जाऊन हात शेक, बर्फ झालेत नुसते."

सात वर्षांत त्या त्याला पहिल्यांदाच अरे म्हणाल्या होत्या. केदार गाडीत गेला नाही. त्यांच्या शेजारी टॉर्च धरून उभा राहिला.