नाडीची तबकडी

निवृत्त न्यायाधीशांच्या काचेच्या कपाटात कळ दाबून क्षण मोजणारी जुनी क्रोनोग्राफ घड्याळे मखमलीवर निजलेली असत. प्रातःकाळी स्नान आटोपून ते एकेकाला किल्ली देत, कानाशी धरून त्याची टिकटिक ऐकत, आणि मगच चहाला येत. त्यांच्या पत्नी त्या घड्याळांना सवती म्हणत. "उठल्या का सगळ्या?" असे त्या आतूनच विचारत.

या वैभवात एकाच रत्नाची उणीव होती : वैद्यांसाठी घडवलेले, नाडीची तबकडी असलेले घड्याळ. त्याची कळ दाबून रुग्णाच्या नाडीचे तीस ठोके मोजावेत आणि पुन्हा कळ दाबावी. काटा ज्या आकड्यावर थांबेल तोच मिनिटाचा नाडीवेग. अनेक वर्षांच्या शोधानंतर ते मिळाले, पण ज्या व्यापाऱ्याशी त्यांचा छत्तीसाचा आकडा होता त्याच्याकडून. आणि देताना तो गालातल्या गालात हसला होता.

घरी येताच न्यायाधीशांनी स्वतःची नाडी पाहिली. बहात्तर. पत्नी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या होत्या. हल्ली त्या तिथे दम खायला बसत आणि जिनाच उंच झाल्याचे सांगत. न्यायाधीशांनी त्यांचा हात हाती घेतला. तीस ठोके भरले तेव्हा काटा चाळिसावर होता. पुन्हा मोजले. पुन्हा चाळीस.

"सुटताना काटा उडी मारतोय. फसवलं त्यानं मला."

"काटा कशाला उडी मारेल? मीच मंदावले असेन, तुमच्या मागून चालून चालून."

"तुला यातलं काय कळतं? एकदा खरं आणि एकदा खोटं बोलणारे साक्षीदार मी जन्मभर पाहिलेत."

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. पण आरशावरच ज्याचे डोळे जडले, त्याला कांकण कसे दिसावे? घड्याळ घड्याळजीकडे गेले. न्यायाधीश रोज फोन करून त्याची प्रकृती विचारत. त्याच काळात पत्नींचे अंथरूण खालच्या खोलीत आले. एकदा भांडी विसळताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातची बशी फुटली. न्यायाधीशांनी तुकडे गोळा केले, विश्रांती घ्यायला बजावले, आणि व्यापाऱ्याला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा मनात पुढे सरकवला.

तीन आठवड्यांनी घड्याळजीने निर्वाळा दिला : सारे यंत्र उकलून पाहिले, दोष कुठेच नाही, काटा केसभरही हलत नाही. न्यायाधीशांचा चेहरा उजळला. पोटचा मुलगा निर्दोष सुटावा तसे ते घरी परतले.

पत्नी खिडकीपाशी आरामखुर्चीत डोळे मिटून होत्या. ओठांचा रंग उतरला होता.

"अगं, निर्दोष सुटलं."

त्यांनी डोळे न उघडताच हात पुढे केला. "बघा मग."

हात गार होता. न्यायाधीशांनी कळ दाबली. काटा डौलाने निघाला. एक ठोका आला. पुढचा येईपर्यंत काटा बराच दूर गेला होता. मोजण्यात चूक झाली असेल, असे त्यांना वाटले. काट्याने साठ ओलांडले, पन्नास ओलांडले, ते चाळीसही ओलांडले. तीस हा तबकडीवरचा अखेरचा आकडा. तोही मागे पडला, आणि ठोके अजून तीस भरले नव्हते. त्यापुढच्या नाडीसाठी घडवणाऱ्याने आकडाच कोरला नव्हता.

ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाकडून खोटी साक्ष मागितली नाही, ते न्यायाधीश त्या क्षणी मनोमन घड्याळाची विनवणी करू लागले, की बाबा रे, तू खोटा ठर.

"किती आले?" पत्नींनी अस्फुट विचारले.

एका हाताने ते मनगट धरूनच दुसऱ्या हाताने न्यायाधीशांनी रुग्णालयाचा क्रमांक लावला. पलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी पत्ता घेतला, गाडी धाडायला सांगितले, आणि नाडी अशी मंद कधीपासून आहे ते विचारले.

"तीन आठवडे."

"तेव्हा मोजली होती? किती होती?"

"चाळीस."

"आणि तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारले.