अंतिम फेरीत मोडलेली मी

मी लाटांवर स्वार व्हायची फळी. सर्फबोर्ड म्हणतात मला. सध्या मी दोन तुकड्यांत आहे, त्यामुळे थांबत थांबत बोलले तर समजून घ्या.

मला आत्याने घडवलं. होड्यांची डागडुजी करणारी बाई ती. फोमचा पांढरा ठोकळा तिने तीन दिवस तासला, घासला, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड चढवलं, राळ ओतली. मधूनच एक डोळा मिटून माझी कड बघायची आणि पुटपुटायची, "डावीकडे पोट सुटलंय हिचं." की पुन्हा घासकाम.

मी तिच्या भाचीसाठी होते. पोरगी चौदा वर्षांची, काटकुळी, जमिनीवर सारखी ठेचकाळणारी. पाण्यातही पहिलं वर्ष आम्ही दोघी तोंडघशीच पडलो. दुसऱ्या वर्षी मात्र लाटेने मागून उचललं की ती कधी उभी राहिली हे मलासुद्धा कळायचं नाही. गावातली स्पर्धा जिंकली, मग ज्युनियर गटातली. तिच्या बाबांनी बस चालवायची नोकरी सोडली आणि ते तिच्याबरोबर फिरू लागले. सतराव्या वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली. एका कंपनीने सहा कोऱ्या करकरीत फळ्या दिल्या. तरी लाटा मोठ्या असल्या की ती मलाच काढायची.

तुम्हाला वाटेल, काय मजा! होतीच मजा. पण विमानाच्या पोटात कुडकुडायचं, उतरताना आदळआपट सोसायची, की लगेच पाणी. तिचे कान ठणकायचे, खांदे भरून यायचे. हॉटेलच्या खोलीत बाबा तिच्या खांद्यांना मलम चोळायचे आणि म्हणायचे, "दुसऱ्या लाटेला घाई केलीस." ती "हं" म्हणायची. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. हातांनी माया करतात आणि तोंडाने उलटतपासणी घेतात.

मागच्या महिन्यात, एकोणिसाव्या वर्षी, ती मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. जिंकली तर पुढच्या हंगामात जगातल्या निवडक खेळाडूंमध्ये जागा पक्की. सकाळी तिने आत्याला फोन लावला.

"आत्या, दमलेय गं मी. हरले तर सुटेन असं वाटतंय."

"बाबाला सांगितलंस?"

"कसं सांगू? माझ्यासाठी नोकरी सोडलीय त्यांनी."

"सोडली त्याने, दमलीस तू. सांगून टाक. पण पाण्यात असताना हे मनात आणू नकोस, मान मोडून घेशील."

तिने सांगितलं नाही. फेरीची शेवटची चार मिनिटं उरली आणि घराएवढी लाट आली. मला वाटलं, आज ही सोडून देणार. तेवढ्यात तिचे हात सपासप चालू लागले. कड्यावरून उतरावं तशा आम्ही उतरलो, लाटेच्या पोकळीत शिरलो, बाहेर आलो, आणि मागची पाण्याची भिंत आमच्यावर कोसळली. मी मधोमध मोडले. खरं सांगू? हलकं वाटलं.

माझा एक तुकडा घेऊन ती किनाऱ्यावर आली, दुसरा जीवरक्षकाने आणला. गुण जाहीर झाले. ती जिंकली होती. बाबा रडतच धावत आले.

"टाक ती मोडकी फळी. विमानात जादा सामान कशाला?"

"ती घरी येणार, बाबा. मीही घरीच येणार. पुढचं मग बघू."

"अगं, पण आत्ता तर जागा मिळालीय!"

"माहितीय. मी दमलेय, बाबा."

बाबांनी डोळे पुसले. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

वाकून बाबांनी माझा दुसरा तुकडा उचलला आणि खांद्यावर घेतला.

आता मी आत्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून आहे. मला जोडता येईल, पण मोठी लाट काही झेपणार नाही म्हणे. "जोडू का?" आत्याने विचारलं, तर पोरगी जांभई देत म्हणाली, "आत्ता नको." पुढच्या हंगामाचं पत्र टेबलावर तसंच पडलंय, उत्तराविना.

तुमच्या घरी कोणी असं जिंकून आलं, तर टाळ्या वाजवून झाल्यावर एवढंच विचारा, झोप झाली का? इथे अकरा वाजलेत आणि शेजारच्या खोलीत ती अजून झोपलेली आहे. बाबा दारातून डोकावतात, हाक मारायला तोंड उघडतात, आणि पाय न वाजवता परत फिरतात.