पाचवं दूध

नुहाद सकाळी सासऱ्याबरोबर मळ्यात जैतुनाची फळं झोडायला गेली ती एका टोळीच्या राज्यातून, आणि दुपारी झाडाखालची चादर उचलेपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या राज्यात होती. मळा आणि गाव यांच्यामध्ये परक्या देशाचे रणगाडे येऊन उभे राहिले, पाठोपाठ बुलडोझरनं मातीचा बांध घातला. लांबच्या कुठल्या तरी शहरात कुणी चहा पीत नकाशावर रेघ ओढली असेल. ओढणाऱ्याचं काय जातं! नुहादची तान्ही रीमास बांधापलीकडं आजीपाशी राहिली होती, आणि तिला अंगावरच्या दुधाशिवाय काही ठाऊक नव्हतं.

"पाहुणे बदलले, दुसरं काय," सासरा अबू फव्वाज म्हणाला. "उद्या सोडतील."

"तोवर पोरगी काय हवा पिईल, अम्मो?" नुहादनं सासऱ्याला विचारलं.

तेवढ्यात सासूचा फोन आला. "अगं, दुकानात दुधाचा डबा नाही. पोर रडून निळी पडलीय. वफा दारात उभी आहे. पाजू का म्हणते."

वफा शेजारीण, तिच्याही कडेवर तान्हं होतं. पण तिचा नवरा हैसम गाव धरून बसलेल्या टोळीत होता. त्याच टोळीनं दोन वर्षांपूर्वी नुहादच्या धाकट्या दिराला चौकीवरून उचलून नेलं होतं आणि परत पाठवलं ते कफनात. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. आणि आमच्या मुसलमानांत दूध म्हणजे नुसतं दूध नव्हे. पाच वेळा पोटभर पाजलं की पाजणारी आई होते, तिचा नवरा बाप, तिची पोरं सख्खी भावंडं. हे नातं मरेपर्यंत तुटत नाही.

"त्या घरचं दूध नको!" अबू फव्वाज ओरडला. "माझ्या लेकराचं रक्त आहे त्यांच्या हाताला."

नुहादचा झगा दुधानं पुढून भिजला होता. तिला म्हाताऱ्याची दया आली आणि तिडीकही आली.

"पाजा," ती फोनमध्ये म्हणाली. "गेलेल्याच्या मानापायी माझी जिवंत पोर मारू नका."

रात्रभर म्हातारा तिच्याकडं पाठ करून बसला. वर विमानं घिरट्या घालत होती, कुणाची ते देव जाणे. उजाडता उजाडता सासूचा निरोप आला: पाचव्यांदा प्याली, झोपली.

सकाळी दोघं रणगाड्यांपाशी गेली, तेव्हा परक्या सैनिकांनी कंटाळून हातानंच पुढं जायला खुणावलं. त्यांना काय, पलीकडचे गोळी घालोत की हार. हात वर करून दोघं बांधाशी पोचली, तर पलीकडं गावच्या टोळीनं मांडलेल्या चौकीवरून बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज आला.

"थांबा तिथंच!" आवाज हैसमचा होता. "टोळीतल्यांच्या घरच्यांशिवाय कुणाला सोडायचा हुकूम नाही."

"मी तुझ्या लेकीची आई!" नुहाद ओरडली.

बंदुकीची नळी खाली आली. वफानं त्याला सांगितलं असणारच.

"तू ये," हैसम म्हणाला. "तो म्हातारा कोण?"

कोण ते त्याला पक्कं माहीत होतं. नुहादनं मागं वळून पाहिलं. म्हाताऱ्यानं एकदा मळ्याकडं पाहिलं, एकदा गावाकडं.

"तुझ्या लेकीचा आजा," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही!"

म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि सगळ्या चौकीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.