झाकणाआतली राख

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड. आहे म्हणू की होतो, ते तुम्हीच ठरवा. आळंदच्या बाजारात सुधारानी अक्कांचं टायपिंगचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरच्या पोटात मी अकरा वर्षं राबलो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळे माझ्याच आधारानं चालायचे. लोक कौतुक करायचे ते पडद्याचं, नाहीतर अक्कांच्या बोटांचं. माझं तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

अक्का फार भाविक. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. दुकान उघडलं की कॉम्प्युटरच्या डब्याला विभूती, समोर उदबत्ती, मग हात जोडणं. एक दिवस चुकला नाही. पंखा तो धूर आणि ती राख आत ओढायचा. एवढी भक्ती आहे, तर कधीतरी झाकणही उघडेल, असं मला वाटायचं. वेडाच मी.

गेल्या महिन्यात मी तापून दहा-दहा मिनिटांनी बंद पडू लागलो. नेमका तेव्हाच स्नेहल नावाच्या मुलीचा प्रबंध दुकानात होता. तीनशे पानं, दुरुस्त्या बाकी आणि परवा जमा करायचा.

"अक्का, कामून बंद पडायलंय हे?" ती रडकुंडीला आली.

दुरुस्तीवाल्या वीरेशनं झाकण काढलं आणि तो हसलाच. "अक्का, हे कॉम्प्युटर हाय का धुनी?"

"रोज पूजा करते रे मी त्याची."

"बाहेरून करायलाव. आत कवा बघितलाव?"

अक्का पदरानं डब्यावरची विभूती पुसू लागल्या.

"राख झाडून आता भागत न्हाई, बोर्ड बदलावा लागतंय. विंडोजबी नवं टाकू?"

"नको रे बाबा!" टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, त्याची सीडी कधीच हरवलेली. विंडोज नव्यानं टाकलं की ते जाणार आणि प्रबंधात अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या दिसणार.

वीरेशनं डिस्कची नक्कल काढून ठेवली. मग तेच विंडोज नव्या बोर्डावर चालावं म्हणून त्यातून माझी ड्रायव्हरं, म्हणजे माझी ओळख, पुसायची होती. पण त्यासाठी मीच चालू असायला हवा! टेबलफॅन माझ्यासमोर लावला. मित्रांनो, माझं नाव माझ्याच जोरावर पुसलं जात होतं आणि ते पुरं होईपर्यंत मी दम धरला. स्नेहलकडे बघून धरला.

मग स्क्रू निघाले. मी कागदावर पडलो. नवा बोर्ड बसला, जुनीच डिस्क जोडली, डिस्क वाचायची सेटिंगही वीरेशनं माझ्यासारखीच ठेवली. पडदा काळा. स्नेहल ओढणीचं टोक चावत उभी. कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद होऊन चालू झाला आणि मग नेहमीचा पडदा आला. तिनं प्रबंध उघडला, भराभरा पानं खाली सरकवली. प्रत्येक काना-मात्रा जागेवर.

"अक्का, कायबी फरक न्हाई की!" ती आनंदानं ओरडली.

पोरीचं भलं होवो. तिची काही चूक नाही. पण माझी अकरा वर्षं त्या एका वाक्यात संपली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, ज्याच्या जिवावर तुमचं चालतं, त्याला नमस्कार नाही केलात तरी चालेल. सहा महिन्यांतून एकदा झाकण काढा, मऊ ब्रशनं धूळ झाडा. तेवढंच मागणं होतं. मला ते मागता आलं नाही.