सांतोयोंचं ओरडणारं दार

तेओफिलो योंतोप एकोणीस वर्षं एकाच दारात उभा होता. चिक्लायो शहरातल्या बाल्टा रस्त्यावर सांतोयो बंधूंचं दुमजली कापडदुकान आहे, त्याच्या दारात. या एकोणीस वर्षांत त्याचे केस गेले, पोट आलं, दुकानातले दोन्ही बंधू जाऊन त्यांचे पुतणे गल्ल्यावर बसले, पण दार आणि तेओफिलो जागचे हलले नाहीत. चोर ओळखायची त्याची स्वतःची रीत होती. तो पिशवीकडे बघायचा नाही, हाताकडे बघायचा नाही, चाल बघायचा. "चोरी न केलेला माणूस बाहेर पडताना उन्हाकडे बघतो," असं तो म्हणायचा, "आणि केलेला माझ्याकडे."

डिसेंबरच्या एक तारखेला राजधानी लिमाहून रेनातो साल्सेदो नावाचा इंजिनियर आला. वय असेल तीस, शर्ट इतका कडक इस्त्रीचा की खाली बसताना त्याचाच आवाज यावा. त्यानं दाराच्या दोन्ही अंगांना माणसाएवढे दोन पांढरे खांब उभे केले आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की आता प्रत्येक कपड्याच्या लेबलात एक चिप शिवलेली येणार. आरएफआयडी म्हणतात तिला. गल्ल्यावर बिल झालं की कॉम्प्युटर त्या चिपचं नाव यादीतून खोडणार. बिल न झालेला कपडा खांबांच्या मधून गेला की दार ओरडणार, आणि शेजारच्या पडद्यावर कपड्याचं नाव, रंग, आकार सगळं उमटणार.

"हात लावायला नको, पिशव्या उघडायला नकोत," इंजिनियर म्हणाला. मग तेओफिलोला बाजूला घेऊन त्यानं आवाज खाली आणला. "काका, तुमचा करार एकतीस तारखेला संपतो. महिनाभर दार नीट चाललं तर दोन जानेवारीपासून तुम्ही आराम करा. खूप उभे राहिलात."

वाईट वाटलं ते 'आराम करा' याचंच. शिवी दिली असती तर निदान उलट देता आली असती.

तेओफिलोनं हे घरी सांगितलं नाही. त्याची बायको एर्लिंदा बाजारात मासे विकायची आणि तिच्या जिभेला माशाच्या सुरीएवढीच धार होती. रोज रात्री तो 'आज सांगू' म्हणून जेवायला बसायचा आणि भात संपवून उठायचा. असं करता करता महिना गेला. दारानं त्या महिन्यात तीन चोर पकडले, एकदाही चूक केली नाही. तेओफिलो त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसा बघायला लागला.

एकतीस तारीख उजाडली. आता, एकतीस तारखेला अंगात पिवळी चड्डी नसलेला माणूस चिक्लायोत सापडणं कठीण. नव्या वर्षाचं नशीब तिच्यातूनच येतं. त्यातही नियम आहे: ती स्वतः विकत घ्यायची नाही, कोणीतरी दिलेली हवी. एर्लिंदा दर वर्षी तेओफिलोच्या उशीवर ती ठेवायची. त्या सकाळी उशी रिकामी होती.

"विसरलीस का गं?" त्यानं विचारलं.

"विसरले नाही. एकोणीस वर्षं देतेय. नशीब उघडलं का? एकोणीस वर्षं त्याच दारात उभा! या वर्षी देतच नाही. बघू, न देता काय होतं ते."

 यंदा तेओफिलोला नशिबाकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे त्याच दारात उभं राहणं, आणि ते त्याला बायकोला सांगता येत नव्हतं. डोक्यावर टोपी चढवून तो निघाला.

नऊ वाजता खांब चालू झाले, दुकान उघडलं आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी दार ओरडलं. आत येत होत्या एदेल्मिरा बाई, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नाकावर माशी बसू न देणारी बाई. पडद्यावर ठळक अक्षरं आली: स्त्रियांची चड्डी, पिवळी, झालरीची, मोठी. बिल नाही.

गल्ल्यावर बिलं करणाऱ्या युलिसानं तोंडावर हात दाबला. तेओफिलोनं छताकडे बघितलं.

"काय बघतोस, योंतोप?" बाई म्हणाल्या. "नवं वर्ष काय फक्त पोरींनाच येतं?" आणि ताठ मानेनं टॉवेलांच्या विभागाकडे गेल्या.

त्यांच्यामागून नोटरी आला, दार ओरडलं. बँकेतल्या दोघी आल्या, दार दोनदा ओरडलं. मग एक अख्खं कुटुंब आलं, आजीपासून नातीपर्यंत, आणि पडद्यावर यादी मावेना. अकरापर्यंत सगळ्या गावाची अंतर्वस्त्रं आकारासकट जाहीर झाली होती. बाहेर फुटपाथवर बघे जमले. कुणी आत पाऊल टाकलं की आधी पैज लागायची, झालरीची की साधी, आणि मग टाळ्या पडायच्या.

इंजिनियर घामाघूम होऊन जिना उतरला. "सगळं गाव चोर आहे की काय? काका, बिलं तपासा प्रत्येकाची!"

"साहेब, हे लोक आत येतायत," तेओफिलो शांतपणे म्हणाला. "आत येताना चोरी करणारा चोर मी अजून बघितला नाही."

"मशीन खोटं बोलत नाही!" असं म्हणत इंजिनियर खांबांची तार बघायला मधोमध जाऊन उभा राहिला, आणि दार ओरडलं. पुरुषांची चड्डी, पिवळी, लहान. बिल नाही.

फुटपाथवरून सगळ्यात मोठी टाळी याला मिळाली. युलिसा गल्ल्याखाली काहीतरी शोधायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

"साहेब," तेओफिलोनं अगदी हळू विचारलं, "ती कुठून घेतली?"

"मी... मी असलं काही मानत नाही," इंजिनियर कानापर्यंत लाल झाला. "घरमालकीण बाईंनी दिली. नाही घातली तर जेवायला देणार नाही म्हणाल्या. बाजारातल्या टपरीवरून आणलीय."

"मग खोलीत जाऊन तिचं लेबल बघून या."

इंजिनियर वर गेला आणि पाच मिनिटांनी उतरलेल्या चेहऱ्यानं खाली आला. लेबल सांतोयोंचंच होतं. त्यानं लिमाला फोन लावला. कपडे शिवून देणारा तिकडचा कारागीर मोठ्या आनंदात होता. पिवळ्या चड्ड्यांच्या लेबलांचे रोल उरले होते, म्हणाला. टाकायचे कशाला? चमकतं लेबल असलं की माल कंपनीचा वाटतो. म्हणून त्यानं टपऱ्यांच्या पिवळ्या मालालाही आकार बघून तीच लावली, आणि वर सांतोयोंकडून जादा पैसेही घेतले नाहीत!

म्हणजे बाजारात विकलेली प्रत्येक चड्डी दाराच्या हिशेबी सांतोयोंच्या दुकानातून पळवलेली होती. इंजिनियर स्टुलावर मटकन बसला. दार बंद करावं तर वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस, चालू ठेवावं तर ही जत्रा.

"चालू असू द्या," तेओफिलो म्हणाला. "लोकांची करमणूक होतेय. आतलं मी बघतो."

दुपारी दोनच्या सुमाराला फुलाफुलांचा घेरदार घागरा नेसलेली एक बाई आली. हातात भलीमोठी कापडी पिशवी. दार ओरडलं: पिवळी, साधी, मध्यम. बाई खळखळून हसली. "बहिणीनं दिली हो! तिचा हात लागला की नशीब फळतं." तेओफिलोही हसला. बाई ब्लाउजांच्या विभागात गेली, चार-पाच उचलून कपडे घालून बघायच्या खोलीत शिरली. बाहेर आली, पुन्हा काही उचललं, पुन्हा शिरली. गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. अर्ध्या तासानं ती दाराकडे आली. पिशवी उघडीच होती, आणि रिकामी.

"आवडलं नाही हो काही," ती म्हणाली आणि खांबांच्या मधून चालत गेली.

दार गप्प राहिलं.

 तिची चाल तेओफिलोला आवडली नव्हती. ती त्याच्याकडे बघत गेली होती, उन्हाकडे नाही. चालताना घागऱ्यातून नाताळच्या केकचा कागद उलगडावा तसा बारीक आवाज येत होता. पण हाक मारावी तर कशाच्या जोरावर? दाराची साक्ष तिच्या बाजूनं होती. आज, कराराच्या शेवटच्या दिवशी, एका सभ्य बाईला खोटं पाडलं तर इंजिनियरला दोन तारखेपर्यंतही थांबायची गरज पडणार नव्हती.  आपल्याला भीती वाटतेय हे त्याला कळलं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"मावशी," त्यानं हाक मारली, "जरा थांबा."

"का? तुमचं दार तरी ओरडलं का?" ती कमरेवर हात ठेवून वळली. "सगळं गाव ऐकतंय, दार ओरडलं नाही! मग मी चोर कशी?"

इंजिनियर धावत आला. "काका, काय करताय? जाऊ द्या त्यांना!"

"जाऊ देतो, साहेब. फक्त एक विचारतो." तेओफिलोनं टोपी काढून हातात घेतली. "मावशी, आत येताना तुमच्या अंगावर नशीब होतं. दार ओरडलं, तुम्ही हसलात, बहिणीचं नाव सांगितलंत. आता जाताना ते नशीब कुठे ठेवून चाललात?"

बाईनं घागरा मुठीत घट्ट धरला. फुटपाथवरचे बघे पुढे सरकले. इंजिनियर आधी पडद्याकडे, मग बाईकडे, मग पुन्हा पडद्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला.

युलिसा तिला आत घेऊन गेली. घागऱ्याच्या आत दुसरा घागरा होता, पिशवीतून आणून कपडे बघायच्या खोलीत चढवलेला, त्याला आतून स्वयंपाकघरातला चंदेरी कागद शिवलेला, आणि त्या कागदाच्या आत, खिशांत खिसे करून, अकरा ब्लाउज आणि दोन जीन्स. चंदेरी कागदाआडचं दाराला दिसत नाही. ब्लाउजांच्या चिपा झाकल्या, तशी बिचारीची बहिणीनं दिलेली पिवळीही झाकली गेली.

"पाच दुकानांत चालला हा घागरा," बाई हताश होऊन म्हणाली. "आज तेवढी बहिणीची भेट घातली नसती तर!"

"नियम आहे मावशी, घालायलाच लागते," तेओफिलो म्हणाला. पोलीस येईपर्यंत त्यानं तिला बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

सहाला दुकान बंद व्हायचं होतं. पावणेसहाला दार पुन्हा ओरडलं आणि तेओफिलोनं सवयीनं छताकडे बघितलं. पण आत आली होती एर्लिंदा, हातात बदकाच्या भाताचा डबा आणि खांद्याला पिशवी. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. स्त्रियांची चड्डी, पिवळी, मोठी. पुरुषांची चड्डी, पिवळी, सगळ्यात मोठी.

तेओफिलोनं दुसरी ओळ दोनदा वाचली. "एर्लिंदा, ही दुसरी कुणाची?"

"गिऱ्हाइकाची," एर्लिंदा पिशवी पोटाशी धरत म्हणाली.

"आकार माझा आहे."

"गावात एकटाच जाडा आहेस का तू?" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज जरा बदलला. "तुझी नोकरी जाणार हे महिनाभर माहीत आहे मला. युलिसाची आई माझ्या शेजारीच कोळंबी विकते. तू सांगशील म्हणून वाट बघत होते. रोज भात गिळून उठायचास. राग आला मला. सकाळी म्हणूनच दिली नाही. मग दिवसभर मासे कापताना हात चालेना."

 तेओफिलोनं तिच्या हातातला डबा घेतला, एवढंच त्याला जमलं.

इंजिनियर गल्ल्यापाशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्यानं खिशातून तेओफिलोच्या निरोपाचा घडी केलेला कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकले. "काका, दोन तारखेला आठ वाजता या. लिमाहून नवे रोल येतायत. दाराला शिकवायला कुणीतरी लागेल."

"आणि शिकून झाल्यावर?" एर्लिंदानं लगेच विचारलं. मासेवालीशी व्यवहार अर्धवट राहत नाही.

"नवा करार वर्षाचा आहे, बाई."

एर्लिंदानं मान डोलावली आणि पिशवीतून अर्धी बाहेर काढलेली चड्डीची पुडी पुन्हा आत ढकलली. "मग आता ही कशाला? न देताच काम झालं. जावयाला देईन."

"जावई काडीसारखा आहे. दे इकडे!" तेओफिलोनं पुडी हिसकावली, स्वतःच्या पिशवीत घातली आणि ती परत घेईल या भीतीनं तडक दाराकडे निघाला. खांबांच्या मध्ये पोचला आणि दार जिवाच्या आकांतानं ओरडलं.

एकोणीस वर्षं संशयितांना पिशव्या उघडायला लावायची सवय. तेओफिलो जागच्या जागी थांबला, मागे वळला, आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून सगळ्यांना दिसेल अशी समोर धरली.