दोन खडे आणि पाच

सोमवार, दिनांक सोळा जून दोन हजार पंचवीस, सकाळी साडेदहा वाजता, रोहे येथील एका खासगी शाळेच्या कार्यालयात किमयाची परीक्षा होती. बेरीज आली तर तिसरीत प्रवेश. नाहीतर पुन्हा दुसरी. तिचा बाप मिथुन मिठागर सोडून इथल्या कंपनीत लागला होता, आणि धरमतरच्या खाडीकाठी तिला दोन वर्षे शिकवणारे सुशील गुरुजी तिची हमी द्यायला पेणहून मुद्दाम आले होते.

बेरीज उभीच मांडावी, एककाखाली एकक, दशकाखाली दशक, हातचा माथ्यावर. याखेरीज दुसरी वाट नाही, असे गुरुजी जन्मभर भांडून सांगत आले होते. गेली दोन वर्षे हे भांडण किमयाच्या आजीशी, ठमाबाईशी होते. ती मिठाच्या टोपल्या विसांनी मोजी. वीस भरल्या की एक खडा बाजूला. नातीलाही तिने तेच शिकवले.

"आजी, खडे शाळेत चालत नाहीत."

"आनि तुमचा हातचा मिठागरावर चालतो व्हय, गुरुजी?" ठमाबाई खो खो हसे.

शेवटी गुरुजी जिंकले. दिवाळीनंतर किमयाचा हातचा कधी चुकला नाही.

ठमाबाईला जाऊन आज सोळा दिवस झाले होते.

मुख्याध्यापिका वैशालीबाईंनी कागदावर अठ्ठावीस आणि त्याखाली सतरा लिहून दिले. किमया बराच वेळ पुटपुटली. मग खिशातून दोन खडे काढून तिने टेबलावर ठेवले आणि उत्तर लिहिले: २५.

"काय गो ह्ये?" मिथुन कळवळला. "घरी तर फटाफट करतेस!"

"बरोबर हाय. दोन ईसा नि पाच." ती गुरुजींकडे पाहत म्हणाली. "आजी गेल्यापास्नं मी तसंच मोजते."

दोन विसा आणि पाच, म्हणजे पंचेचाळीस. मोजणीत तसूभर चूक नव्हती. गुरुजींनी ते वैशालीबाईंना समजावले, पुन्हा समजावले. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "मोजणी कळली, गुरुजी. पण वर्गात मी कागदच तपासणार. तुमच्या रीतीनं तुम्हीच तपासा." त्यांनी लाल पेन पुढे केले.

एककाच्या घरात पाच. दशकाच्या घरात दोन. माथा कोरा. पलीकडे दोन खडे, आणि त्यांच्यामागे किमयाचे डोळे.

गुरुजींनी पेन हाती घेतले.

"चूक," ते म्हणाले. "दुसरीत बसवा."